सदऱ्याच्या तिसऱ्या गुंडीएवढी

सायकलच्या दुकानात एकट्यानं जायचं नसतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं. तिथं गिऱ्हाईक जोडीनं येतं. बाप आणि लेकरू, नाहीतर मामा आणि भाचा. लेकराला सीटवर बसवायचं, मिस्तरीनं हँडल धरायचं आणि मोठ्या माणसानं खाली वाकून बघायचं की पाय टेकतात का. दोन्ही चवडे जमिनीला टेकले की सायकल मापाची. ह्यापलीकडं सायकलचं माप घ्यायची दुसरी रीत आमच्याकडं नाही.

आणि मी गेलो एकटाच. येरमाळ्यात स्टँडजवळ पत्र्याचं दुकान आहे. पुढं एक बाक, वर टांगलेल्या रिमा, भिंतीला ट्यूबा. मिस्तरी पन्नाशीचा, बोलायला मऊ, हात कोपरापर्यंत काळे. त्यानं आधी माझ्या मागं बघितलं. मागं कुणी नाही म्हटल्यावर रस्त्याकडं बघितलं.

"कुणासाठी बघायलाव, कंडक्टरसाहेब?"

मला एस.टी. सोडून सहा वर्षं झाली, पण गावात अजून हेच नाव चालतं. "नातीसाठी," मी म्हटलं.

"मग कुठाय नात?"

"पुण्याला."

"आता घ्या! मग माप कसं घ्यावं म्हन्ता?"

मी ताठ उभा राहिलो आणि सदऱ्याच्या खालून तिसऱ्या गुंडीवर बोट ठेवलं. "इथवर लागती." हे काही अंदाजानं नव्हतं. दिवाळीला सगळे चार दिवस आले होते तेव्हा ती पळत येऊन मला बिलगली आणि तिचे केस ह्याच गुंडीत अडकले. रडारड, ओढाओढ, शेवटी तिच्या आजीनं कात्री आणून गुंडीचा दोराच कापला. त्याच चार दिवसांत ती शेजाऱ्यांच्या पोरांच्या सायकलवर पडत-धडपडत बसायला शिकली, आणि जाताना गाडीच्या काचेतून ओरडली, "आबा, मला पण सायकल!" ती सहा वर्षांची होती. गुंडी मी परत लावून घेतली होती, म्हणून माप पक्कं होतं.

मिस्तरी हसला. "दिवाळी होऊन दोन म्हैने झाले की ओ. लेकरं लई झपाट्यानं वाढतेत. सोळा इंची नका घेऊ. वीसची न्या, सीट खाली करून देतो. दोन-तीन वर्सं निघत्याल."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. शाळेचा ड्रेससुद्धा आपण दोन बोटं वाढीवच शिवतो. पण माझं डोकंच फिरलं. "माझी नात मला म्हाईत न्हाय व्हय? ती येणाराय चैत्रात. सोळाचीच द्या." खरं सांगायचं तर त्याच्या वाढीव मापाची मला भीती वाटली. वाढीव माप म्हणजे ती उशिरा येणार. मला ती लवकर यायला हवी होती.

जोडणीला तास-दीड तास गेला. चाकं बसली, चेन चढली, घंटी वाजवून झाली. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, हळदीकुंकू लावलं, नारळ मीच फोडला. मग मिस्तरीनं दांडीवरच्या प्लास्टिकला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं. "तिचं ती फाडंल."

आमच्याकडं नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत. फ्रिजला पाच-पाच वर्षं तसंच असतं, टीव्हीच्या रिमोटला असतं, मोटारसायकलच्या सीटला तर ते उन्हानं चिरून आपोआप गळेपर्यंत असतं. प्लास्टिक आहे तोवर वस्तू नवी. मला ती सायकल नवी राहायला हवी होती. मिस्तरीनं तीन फुकट सर्व्हिसिंगचं कार्ड दिलं आणि मी ती गुलाबी सायकल हातात धरून चालत घरी आणली. स्टँडपासून घरापर्यंत अकरा जणांनी विचारलं, कुणाला आणली. अकरा जणांना मी सांगितलं, नात येणाराय.

आता बायकोचं सांगतो. बायको जिवंत आहे, ठणठणीत आहे, आणि तरी मी एकटा राहतो, हे सांगताना अजून जीभ अडखळते. सून नोकरीला, पोरगा नोकरीला, पोरीला शाळेतून आणायला घरात कुणीतरी पाहिजे. "सहा महिन्यांसाठी जाऊन येते," म्हणून ती गेली. जाताना शेंगदाण्याची चटणी, कुरडया आणि नेसायची दोन धडोती पिशवीत घातली. ते सहा महिने अजून संपले नाहीत.

मीही जाऊन आलो, नाही असं नाही. पंधरा दिवस राहिलो. सुनेचं काही वाईट नाही, ताटाला ताट लावून जेवायला वाढायची. पण सकाळी सगळे गेले की मजल्यावर चार दारं आणि चारही बंद. खाली गेलो तर गेटवरचा वॉचमन रोज वहीत नाव लिहून घ्यायचा. रोज! तिसऱ्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी मी त्याला म्हटलं, "तीस वर्षं मी लोकांना गाडीत घेतलं रे, आणि तू मला रोज नाव विचारतोस?" भांडण झालं. पोरगा म्हणाला, "आबा, त्याचं कामच आहे ते." मी त्याच दिवशी पिशवी उचलली. बायको दारापर्यंत आली. तिला वाटलं मी म्हणेन, चल. मी म्हटलं, "गॅस बंद कर, दूध उतू जाईल."

त्यानंतर फोनवर ती दर दोन-तीन महिन्यांनी विचारायची, "येऊ का मी चार दिवस?" आणि मी म्हणायचो, "तुझं तू बघ." ये म्हणायला काही सोनं मोजावं लागत नव्हतं. पण आमच्यात बायकोला कुणी 'ये' म्हणत नाही. ती घरातच असते, तिला बोलवायचं कशाला? पाहुण्याला बोलवतात. चाळीस वर्षांत मी तिला एकदाही 'ये' म्हटलं नव्हतं, आणि आता साठीनंतर म्हणायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शिवाय म्हटलं आणि ती आली नाही तर? त्यापेक्षा सायकल बरी. सायकलसाठी पोरगी येईल, पोरीबरोबर आजी येईल. एवढा सरळ हिशोब होता माझा.

पहिलं सर्व्हिसिंग येडेश्वरीच्या चैत्रातल्या यात्रेआधी केलं. यात्रेला येतो म्हणाले होते. उभ्या उभ्या चाकांतली हवा उतरली होती, तशीच हातात धरून नेली. मिस्तरीनं सायकल उलटी केली, चाक फिरवलं आणि टायरवरून बोट फिरवलं. नव्या टायरला बारीक रबरी केस असतात. चार दिवस रस्त्यावर पळालं की झडून जातात.

"केस तसंच हायत की ओ. पळवली न्हाय वाटतं पोरीनं?"

"पळवंल की आल्यावर."

त्यानं चेनला तेल घातलं, ब्रेक आवळले, हवा मारली. यात्रेला गाव माणसांनी फुलून गेलं, पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आमच्या ओट्यावर मी आणि सायकल. पोरीची परीक्षा आली होती.

मे महिन्यात पोहण्याचा क्लास होता. दिवाळीच्या आधी मी दुसरं सर्व्हिसिंग केलं. ह्या वेळी मिस्तरीनं टायरवरून बोट फिरवलं. पाना खाली ठेवला, समोरच्या टपरीवरून दोन चहा मागवले आणि माझ्याशेजारी बाकावर येऊन बसला. मला ते लई लागलं. त्यानं थट्टा केली असती तर मी दोन शब्द सुनावले असते, आणि बरं वाटलं असतं. दिवाळीला ते सगळे सुनेच्या माहेरी गेले.

पण त्या दिवसापासून मला बाकाची सवय लागली. चार वाजले की मी दुकानात. कुणाचं पंक्चर, कुणाच्या वाकड्या चाकाचा आऊट काढायचा, कुणाची चेन पडते. मी नुसता बसायचो आणि आल्या-गेल्याला "सरका पुढं, सरका" म्हणायचो, जुनी खोड. एस.टी.त असताना दिवसाला पाच-सहाशे माणसांशी तोंड चालायचं. आता सकाळी दूधवाल्याशी बोललो की थेट चार वाजता मिस्तरीशी. मधल्या वेळात घसा इतका सुकायचा की दुकानात पहिला शब्द घोगरा निघायचा.

बायको मधे एकदा येऊन गेली. ईट गावी तिच्या भाच्याचं लग्न होतं. पोरगा तिला घेऊन आला, एक रात्र राहिले. नात आली नाही, शाळा होती. बायकोनं आल्या आल्या घर झाडलं, डबे पुसले, पाहुणीसारखी मलाच विचारलं की साखर कुठं ठेवलीय. ओट्यावरची सायकल बघितली. पदरानं तिच्यावरची धूळ पुसली आणि बराच वेळ हात तसाच ठेवला. मला वाटलं, आता म्हणेल, छान आणलीत. ती उठून आत भांडी घासायला गेली. सकाळी गाडीत बसताना म्हणाली, "येऊ का मग मी परत, जरा दिवस?" पोरगा गाडी चालू करून बसला होता. मी म्हटलं, "तुझं तू बघ."

पुढचं आख्खं वर्ष असंच गेलं. व्हिडिओवर नात दिसायची. "आबा, माझी सायकल ठेवलीय ना नीट?" विचारायची. "ठेवलीय गं माझे बाई," म्हणताना मला भरून यायचं. व्हिडिओवर तोंड दिसतं, उंची दिसत नाही. माझ्यासाठी ती तिसऱ्या गुंडीएवढीच होती.

दुसरा पावसाळा सरल्यावर मी तिसऱ्यांदा सायकल नेली. कार्डाची मुदत कधीच संपली होती, पण मिस्तरीनं कार्डाकडं बघितलंही नाही. त्यानं दांडीवर नखानं टकटक केलं, वाकून बघितलं आणि मला काही कळायच्या आत प्लास्टिक टराटरा फाडलं.

मी ओरडलोच. बाकावरची दोन माणसं उठून उभी राहिली. "कुणाला इचारून फाडलं? कुणाला इचारून हात लावला?"

"अहो, बगा तरी आधी."

आत गुलाबी रंगाला फोड आले होते. फोड दाबला की रंग सुटून खाली लालभडक गंज. प्लास्टिकमधून पाणी आत शिरलं होतं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. "पोरीनं चार येळा आपटली असती तरी एवढं झालं नसतं," मिस्तरी म्हणाला. "वापरायची वस्तू झाकून ठेवली तुमी. आन् कंडक्टरसाहेब, वाईट वाटून घिऊ नका, पण ही आता तिला बसायची बी न्हाय. दोन वर्सं होत आली."

"तुमी तुमचे पाने आवळा," मी म्हटलं. "माझ्या घरातलं तुमी सांगायचं काम न्हाय." सायकल ओढली आणि निघालो. फाटलेलं प्लास्टिक मागच्या चाकात अडकून घरापर्यंत फडफडत आलं.

मग मी दुकानात गेलो नाही. किती दिवस, विचारू नका. दिवाळी आली, गेली. ते आले नाहीत. चार वाजले की पाय आपोआप चपलेत जायचे आणि मी ते परत काढायचो. घरात पंख्याचा आवाज, भिंतीवर पालीचा आवाज. एकदा दुपारी मी मोठ्यानं म्हणून बघितलं, "सरका पुढं," आणि माझाच मला राग आला. रडूही आलं. लाजायचं काय त्यात, आलं.

संक्रांतीला मी तिळगुळाची पुडी घेऊन दुकानात गेलो. मिस्तरीनं हात पुसले, गूळ तोंडात टाकला आणि बाकावरची धूळ फडक्यानं झटकली. माफी मला मागता येत नाही. मी म्हटलं, "वीसची दाखवा."

"माप?"

माझं बोट सवयीनं गुंडीकडं गेलं. त्यानं मान हलवली. "तसं न्हाय. आत्ता फोन लावा. उभं करा म्हनावं तिला."

लावला. बायकोनं उचलला. म्हटलं, "पोरीला उभी कर तुझ्यापुढं. कुठवर लागती सांग."

"आत्ता? कशापायी?"

"सांग तर."

तिनं हाक मारली, पावलं वाजली, हसण्याचा आवाज आला. "माझ्या खांद्याला लागतीया," बायको म्हणाली. "आता पुढच्या वर्सी माझ्याएवढी व्हईल बगा."

खांद्याला. मी बाकावर बसलो. मिस्तरी वरून वीसची सायकल काढायला शिडी लावत होता. मी म्हटलं, "मग दुसरी घेतो. ती ल्हान झाली. ह्या उन्हाळ्यात—"

"अहो," बायको म्हणाली. मग पोरीला म्हणाली, "जा गं आत, अभ्यास कर." दार लागल्याचा आवाज आला. "नका घेऊ सायकल."

"का?"

"तिला हाय."

"कुठली हाय?"

"हितं. खाली पार्किंगात. पहिलीची परीक्षा झाली, तवाच घिऊन दिली तिच्या बापानं. चांगली चालविती." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "तुमी एवढी हौसेनं आणलेली. तुमास्नी वाईट वाटंल म्हनून कुनी सांगितलं न्हाय. पोरीला मीच शिकविलं, आबाला इचारायचं, माझी सायकल ठेवलीय का म्हनून."

मला आधी काही कळेचना. मग ते पदरानं धूळ पुसणं आठवलं, तसाच ठेवलेला हात आठवला. ती तेव्हाही जाणून होती. दोन वर्षं मी हवा मारत होतो, तेल घालत होतो, आणि पुण्यात एक सात-आठ वर्षांची पोरगी माझं मन राखत होती.

राग यायला पाहिजे होता. माझा स्वभाव बघता मी फोन आपटायला पाहिजे होता. पण आता हातात सायकलच उरली नव्हती. तिच्याआड लपून जे म्हणत होतो ते तेवढं उरलं. मिस्तरी शिडीवर होता, बाकावर एक अनोळखी माणूस पंक्चरसाठी बसला होता, आणि त्या दोघांदेखत मी म्हटलं, "सायकलीचं ऱ्हाऊ दे. तू ये."

मला वाटलं फोन कटला. "ऐकू आलं का? तू ये म्हन्तो मी. मला करमत न्हाय."

"आलं ऐकू," ती म्हणाली. ती रडत होती. "पहिल्या वर्सी म्हनला असता तर उठून आले असते ओ. रोज वाट बघत हुते, आज तरी म्हनतील. आता पोरगी माझ्याबिगर झोपत न्हाय. सुनेची नोकरी. कसं सोडून येऊ मी?" मग म्हणाली, "जेवला का तुमी?"

जेवलो म्हटलं. जेवलो नव्हतो.

मिस्तरी शिडीवरून उतरला. वीसची सायकल वरच राहिली. सगळं त्याच्यादेखतच झालं होतं. जरा वेळानं तो आतून एक जुनी, मोठी काळी सायकल घेऊन आला, कॅरिअरची, सीट नवी घातलेली. "बसा," म्हणाला.

"कोन, मी?"

"व्हय. माप बघू."

मी बसलो. त्यानं हँडल धरलं, खाली वाकला, माझ्या चपलांकडं बघितलं. पाय टेकत होते. गुलाबी सायकल मी दुसऱ्या दिवशी आणून दिली, ती त्यानं बदल्यात ठेवून घेतली, गंज घासून रंग देतो म्हणाला, आणि महिन्याभरात ती एका लेकराला बसली. ते लेकरू बापाबरोबर आलं होतं. त्याचे पाय टेकतात का हे मी बाकावरून वाकून बघितलं.

ह्या गोष्टीला आता वर्ष होत आलं. माझ्या सायकलच्या टायरला केस नाहीत, मधली नक्षीसुद्धा झिजलीय. मी रोज फोन करतो आणि आधी 'ये' म्हणतो, मग बाकीचं बोलतो. आता लाज वाटत नाही. ती रोज म्हणते, "बघू." मी त्यावर रागावत नाही. मी तिला किती वर्षं काय ऐकवलं ते मला माहीत आहे.

संध्याकाळी साडेपाचला पुण्याहून बार्शीमार्गे गाडी येते. मी पाच वाजताच सायकल काढतो आणि स्टँडवर दाराच्या बाजूला उभा राहतो. माणसं उतरतात, पिशव्या उतरतात. नवा कंडक्टर पोरगा मला ओळखतो, "कुणी येणाराय का, काका?" विचारतो. बघू, म्हणतो मी. शेवटचा माणूस उतरला की एकदा गाडीत चढून मागच्या सीटपर्यंत नजर टाकतो. कुणी झोपलेलं राहू नये म्हणून आम्हाला तसं बघावंच लागायचं. मग उतरतो आणि सायकल घराकडं वळवतो.